कोरी पट्टी

चि. सोनूस,


परवा फोनवरचा तुझा रडवेला आवाज अजून मनातून जात नाही. चार महिने झाले, वेस्टर्न ब्लॉटवर हव्या त्या प्रथिनाची पट्टी उमटत नाही, म्हणून विषयच बदलावा म्हणतेस. बदलायचा तर बदल. पण आधी सांग, त्याच नमुन्यात तुलनेसाठीची ॲक्टिनची पट्टी नीट येते ना? येत असेल, तर ती कोरी जागा हेच कदाचित तुझं उत्तर आहे.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. आठ वर्षांचा एक मुलगा न्यूमोकॉकसच्या संसर्गाने सारखा आजारी पडायचा. त्याच्या रक्ताचं इलेक्ट्रोफोरेसिस केलं, तर गॅमा ग्लोब्युलिनच्या जागी काहीच नाही! ब्रूटननी त्या नसण्यावर विश्वास ठेवला. दर महिन्याला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचलं आणि पोराचं दुखणं थांबलं. हे १९५२ साली छापून आलं. त्यामागचा जनुक सापडायला १९९३ उजाडलं. त्या जनुकातून बनणारं, बी पेशीच्या रिसेप्टरचा निरोप आत पोचवणारं किनेज म्हणजे तू रोज उच्चारतेस ते बीटीके. त्यातला बी ब्रूटनचा. ते नसेल तर बी पेशी पुरत्या घडतच नाहीत. मग कर्करोग झालेल्या बी पेशींचा हाच निरोप अडवला तर? २०१३ मध्ये बीटीके अडवणाऱ्या इब्रुटिनिब या औषधाला मँटल सेल लिम्फोमासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

मी एकदा अशीच कोरी फिल्म फेकून दिली. अँटिबॉडी जुनी झाली असेल, असं परस्पर ठरवून मोकळी झाले. पेशी एका आजारी मुलीच्या होत्या. पुन्हा तिचं रक्त मिळालं नाही. सोनू, ते मला आजही सलतं.

तेव्हा एवढं कर. निरोगी माणसाच्या पेशी त्याच दिवशी, त्याच जेलवर चालव. उत्तेजन दिल्यावर घड्याळ सोडू नकोस. दुसऱ्या मिनिटाला दिसणारं फॉस्फोरिलेशन दहाव्याला ओसरलेलं असू शकतं. बफर बर्फातला हवा, फॉस्फेटेज इनहिबिटर ताजे. आणि फिल्म कोरी आली तरी तारीख घालून वहीत चिकटव.

शनिवारी सगळ्या फिल्म घेऊन ये. खिडकीशी उजेडात धरून दोघी बघू.

तुझी,
मावशी