सोलापूरला एवढा पाऊस?

आर भाषेत लिहिलेली एक फाइल माझ्याकडे तपासायला आली. महाबळेश्वर, पुणे आणि सोलापूरचा 5 वर्षांचा महिनावार पाऊस. रचना नेस्टेड लिस्टची: बाहेर ठिकाण, त्यात वर्ष, त्यात 12 महिन्यांचे आकडे. ही लिस्ट ‘अनलिस्ट’ने सपाट करून 3, 5, 12 अशा मापाच्या अ‍ॅरेत ओतली होती. 180 आकडे, 180 खण. एरर नाही, वॉर्निंग नाही, एकूण बेरीजही तंतोतंत. फक्त सोलापूर चिंब भिजलेलं!

अ‍ॅरे भरताना आर पहिला निर्देशांक सर्वांत आधी फिरवतं. फोरट्रानचीही हीच रीत. अनलिस्टमधून मात्र सर्वांत आतली पातळी, म्हणजे महिने, ओळीने बाहेर येतात. मग पत्ते वाटावेत तसं झालं: महाबळेश्वरचा जानेवारी महाबळेश्वरला, फेब्रुवारी पुण्याला, मार्च सोलापूरला, एप्रिल पुन्हा महाबळेश्वरला. तिन्ही ठिकाणांचे जून आणि सप्टेंबर सोलापूरच्या नावावर जमा. पाऊस होता म्हणून लक्षात आलं. बाजारभाव किंवा रक्तदाब असता, तर अहवाल छापूनही झाला असता.

तेव्हा माप आतून बाहेर द्या: 12, 5, 3. ठिकाण पुढे हवं असेल तर नंतर ‘एपर्म’ला 3, 2, 1 हा क्रम सांगा. पायथनमधून येणारे इथे हमखास फसतात, कारण नमपाय शेवटचा निर्देशांक आधी फिरवतं आणि तिथे 3, 5, 12 हेच बरोबर असतं. आणि ‘डिमनेम्स’चा कंटाळा करू नका. ‘महाबळेश्वर, अमुक वर्ष, जुलै’ असं नावाने मागून तो आकडा मूळ लिस्टशी ताडता येतो.

याहून छुपी खोड नल्लची. एखाद्या महिन्याच्या जागी नल्ल असेल, तर अनलिस्ट ते गिळून टाकतं. उरतात 179. पुढचे सगळे आकडे एकेक घर अलीकडे सरकतात आणि ‘अ‍ॅरे’ फंक्शन शेवटच्या रिकाम्या खणात यादीतला पहिलाच आकडा गुपचूप पुन्हा भरतं. सोलापूरच्या शेवटच्या डिसेंबरात महाबळेश्वरचा पहिला जानेवारी! म्हणून मी सपाट यादीला ‘डिम’ने थेट माप देते, गुणाकार जुळला नाही की ते तिथेच अडतं. त्याआधी नल्लच्या जागी एनए घालायचं, हे ओघाने आलंच.

आता ‘निरंक’. सरकारी तक्त्यांतला हा एक शब्द आत राहिला, की सगळेच्या सगळे आकडे मजकूर बनतात आणि सरासरी काढायला गेलं की एनए हाती येतं. बदलणं सोपं आहे, पण शून्य घालायचं की एनए? पाऊस पडलाच नाही, की नोंद घेतलीच नाही? मी सरळ तक्ता भरणाऱ्याला फोन करते.