आधी डीपी बघ

पोरी, मागाच्या मोटारीचा वेग बदलायला लावायचा ड्राइव्ह रेडिओ गोंगाटाच्या दृष्टीनं कुठल्या वर्गातला हवा, हे ठरवायला कॅटलॉग नंतर उघड. आधी रस्त्यावर जाऊन वीज कुठल्या डीपीवरून, म्हणजे वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरवरून, येते ते बघ. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर ती औद्योगिक जागा. पण आपल्या पूर्व भागात खाली माग, वर बिऱ्हाड आणि शेजारच्या घरांची लाईनही त्याच डीपीची. मधे वेगळा ट्रान्सफॉर्मर नसला, की मागांचा खडखडाट कितीही असो, मानकाच्या लेखी ती घरगुती जागा.

ड्राइव्हसाठी आयईसी ६१८००-३ हे मानक वाच. त्यातला सी३ हा वर्ग औद्योगिक जागेपुरताच. स्वस्त पडतो म्हणून मालक त्याचाच आग्रह धरतील. घराच्या लाईनवर तो लावू नकोस. सी२ चालतो, पण तो जाणकारानंच बसवायचा, असं मानकच सांगतं.

बाकीच्या यंत्रांना बहुतेक वेळा सीआयएसपीआर ११ हे मानक लागतं. तिथं गट आणि वर्ग यांची गल्लत करू नकोस. रेडिओ लहरींनी मालच तापवणारं यंत्र, म्हणजे प्लास्टिक जोडणारं हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग किंवा मायक्रोवेव्ह, दुसऱ्या गटात. मोजमापाची, नियंत्रणाची उपकरणं पहिल्या गटात. वर्ग ए की बी, हे मात्र जागेवर ठरतं. आणि हा फरक कागदी नाही. पहिल्या गटातल्या लहान यंत्रानं लाईनवर सोडायच्या गोंगाटाची क्वासी-पीक मर्यादा ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमध्ये ए वर्गाला ७३ डेसिबल मायक्रोव्होल्ट, बी वर्गाला ५६. सतरा डेसिबल म्हणजे व्होल्टेज सातपट! पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ याच पट्ट्यात येतात. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा रेडिओ आपल्या कंट्रोल पॅनलमुळे खरखरला, तर त्याला कारणही कळत नाही. म्हणून हे आपणच सांभाळायचं.

सगळे सुटे भाग सीई छापाचे आहेत म्हणून अख्खं पॅनल पास झालं, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. गोंगाट जोडणीतून वाढतो. ड्राइव्ह ते मोटार केबल आखूड आणि शील्डची घे. शील्ड दोन्ही टोकांना गोल क्लॅम्पनं पूर्ण आवळ. शील्ड पिळून तिची शेपटी करायची आणि स्क्रूखाली दाबायची, ही आपल्याकडची सवय मोड. फिल्टर लाईन आत येते तिथंच, रंग खरवडलेल्या पत्र्यावर बसव. फिल्टर थोडा करंट अर्थिंगला सोडतोच. ईएलसीबी पडतो म्हणून वायरमन फिल्टरची अर्थिंग तोडतात. तसं कदापि करू देऊ नकोस, शॉक बसेल. गळतीचा हिशेब करून ईएलसीबी निवड.

छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून पॅनलभोवती फिरव, गोंगाट कुठून येतो ते कळेल. वर्गाचा दाखला मात्र प्रयोगशाळेचाच. खारघरला ‘समीर’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत सोय आहे. तिकडं जाताना गट, वर्ग आणि कुठल्या लाईनवर यंत्र चालणार, हे अर्जाआधीच एका कागदावर लिहून ने. ए वर्ग ठरला, तर घरवस्तीत रेडिओला अडथळा येऊ शकतो ही सूचना माहितीपुस्तिकेत मराठीतही छाप.