टेनिसची स्पर्धा परदेशी : मुलांची तब्येत आणि घरचा हिशेब



मी हिद्दला राहते, शाळेत गणित शिकवते आणि शुक्रवार-शनिवारी आपल्या मंडळातील काही मुलामुलींना टेनिस शिकवते. कॉलेजात असताना मी पुण्यात खेळत असे, एवढीच माझी पात्रता. यंदा आपल्यातील तीन-चार घरांत मुलांना बाहेरच्या स्पर्धेला पाठवण्याचा विचार चालू आहे. त्यांनी मला खर्चाचा अंदाज विचारला. पण खर्च आणि तब्येत या दोन गोष्टी किती जवळच्या आहेत हे मला एका प्रसंगातून कळले, म्हणून आधी तो सांगते.

जे घडले ते

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या सुट्टीत मी चार मुलांना पुण्याला एका ज्युनियर स्पर्धेसाठी नेले. आईवडिलांच्या दृष्टीने ते घरी जाणे होते. पण मुले वाढली बहारीनला, त्यांच्या दृष्टीने पुणे म्हणजे परदेशच. आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचलो. चौदा वर्षांचा एक मुलगा आजी-आजोबांकडे उतरला. रात्री अकरापर्यंत नातेवाईक भेटायला येत होते आणि आजीने आग्रहाने पुरणपोळ्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा सामना लांबत लांबत भर दुपारी सुरू झाला. तिसऱ्या सेटमध्ये तो ४-२ असा पुढे होता. दोनदा तो सर्व्हिसला चुकीच्या बाजूला उभा राहिला. मला वाटले, जिंकत आल्यामुळे घाबरला असेल. मी बाहेरून टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या गेममध्ये तो कोर्टावरच खाली बसला आणि मी विचारलेल्या प्रश्नाची भलतीच उत्तरे देऊ लागला. स्पर्धेच्या डॉक्टरांनी त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतले, म्हणून निभावले. संध्याकाळपर्यंत सलाईन लागले.

रात्री तो मला म्हणाला, "काकू, दुसऱ्या सेटपासूनच गरगरत होतं. पण बाबांनी माझ्या तिकिटासाठी गावच्या घराची दुरुस्ती पुढे ढकललीय. मध्येच कसं सोडणार?"

दोनदा चुकीच्या बाजूला उभा राहिला तेव्हाच मी पंचांना हाक मारायला हवी होती. ती चूक माझी. पण मुलाच्या डोक्यावर तिकिटाचे ओझे कोणी ठेवले, हाही प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारायला हवा.

१. उन्हाचे गणित

आपल्याकडे हवा दमट. अर्ध्या तासात शर्ट पिळून काढता येतो, म्हणून मुलांना घाम गेल्याचे कळते. पुण्याच्या कोरड्या उन्हात घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडे राहते आणि मुलाला वाटते, आज घामच नाही! पाणी मात्र तितकेच जात असते.

यावर साधा उपाय म्हणजे वजनकाटा. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे. एक किलो वजन घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले (मध्ये प्यायलेले पाणी त्यात मिळवावे). शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट झाली की खेळ ढासळू लागतो. ४५ किलोच्या मुलासाठी ही मर्यादा फक्त ९०० ग्रॅम आहे.

नुसते पाणी ढोसणेही बरे नाही. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते. घरचे सरबत उत्तम : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चवीला लिंबू. दर वेळी बाजू बदलताना चार घोट घ्यावेत, तहान लागण्याची वाट पाहू नये.

नव्या हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढी रजा कोणाला मिळत नाही, हे मला कळते. पण निदान तीन दिवस आधी पोहोचावे. वेळेचाही फरक आहे. पुण्यात सकाळी आठचा सामना म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. निघण्याआधी आठवडाभर मुलांना रोज थोडे लवकर झोपवावे आणि लवकर उठवावे.

इथल्या सरावाबद्दलही एक शब्द. बहारीनमध्ये उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करण्यास बंदी असते. पूर्वी ती जुलै-ऑगस्टपुरती होती, २०२५ पासून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी वाढवली आहे. धडधाकट मजुरांसाठी कायद्याने जे थांबवले, ते आपण हौसेने मुलांकडून का करून घ्यावे?

धोक्याची खूण : मूल बरळू लागले, तोल जाऊ लागला, गुण विसरू लागले, उलटी झाली, तर सामना तेथेच संपला. सावलीत न्यावे, भरपूर गार पाणी ओतावे, मान आणि काखेत ओले गार टॉवेल ठेवावेत. आधी गार करणे, मग हलवणे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही पाजू नये. रुग्णवाहिकेसाठी बहारीनमध्ये ९९९, महाराष्ट्रात १०८.

२. औषधांची पिशवी

परदेशी निघताना आपण सर्दी-खोकल्याची औषधे आठवणीने भरतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आढळले तर डोपिंग ठरते, आणि आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांतील मुलांनाही हे नियम लागू आहेत. दम्याचा पंप किंवा रोजचे औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी आणि ते चालते का, हे महिनाभर आधी तपासावे. परतताना कोडीन असलेले खोकल्याचे औषध चिठ्ठीशिवाय आणू नये. आखातात त्यावर कडक नियंत्रण आहे.

३. पैशाचे गणित

३२ खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत ३१ सामने होतात. प्रत्येक सामन्यात दोघे, म्हणजे ६२. त्याला ३२ ने भागा : सरासरी दोन सामनेही एका मुलाच्या वाट्याला येत नाहीत. १६ मुले पहिल्याच फेरीत बाहेर पडतात. तुम्ही विमानाचे तिकीट काढता ते बहुधा एक-दोन सामन्यांसाठी. हे आधी मान्य असेल तरच पाठवावे.

मग खर्च वसूल कसा करायचा? माझे चार नियम :

अ) दुहेरीत नाव द्यावे. त्याच तिकिटात दुसरी संधी मिळते. आपल्याकडे एकेरीचे फार कौतुक, पण आपल्या माणसांची मोठी यशे पाहा. १९९२ मध्ये नितीन कीर्तने महेश भूपतीबरोबर विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम फेरीपर्यंत गेले. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत गौरव नाटेकर यांनी लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्ण मिळवले. २०२३ मध्ये हांगचौला ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

आ) परतीचे तिकीट आठवड्याच्या शेवटचे काढावे. हरल्यावर तारीख बदलण्याचा दंड भरण्यापेक्षा हरलेल्या इतर मुलांबरोबर सराव सामने खेळावेत. पुण्यात मुलांचा खरा खेळ तेव्हाच खुलला.

इ) शिक्षकाचा खर्च वाटून घ्यावा. चार मुलांमागे एक मोठे माणूस, त्याचे तिकीट, खोली, जेवण चार घरांत समान. हे निघण्याआधी कागदावर लिहावे, म्हणजे मैत्री टिकते.

ई) चलन पाहावे. आपला दिनार डॉलरला बांधलेला आहे (१ दिनार म्हणजे सुमारे २.६५ डॉलर). त्यामुळे डॉलरमधील प्रवेश फी बदलत नाही, पण रुपयांतील खर्च बदलत राहतो. अंदाजावर दहा टक्के जास्त धरावेत.

विमा काढला आहे एवढ्यावर थांबू नये. पॉलिसी बहारीनबाहेर चालते का आणि स्पर्धेतील दुखापत धरते का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आईवडील सोबत नसतील तर संमतिपत्र आणि मुलाच्या निवास परवान्याची प्रत शिक्षकाकडे द्यावी.

४. कोर्टावर मूल एकटे असते

ज्युनियर सामन्यांत बहुधा खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू बाहेर की आत, हे खेळाडूने स्वतः सांगायचे असते. शंका असेल तर गुण समोरच्याचा. आमची एक मुलगी इतकी भिडस्त की हातभर बाहेर गेलेला चेंडूही "आत" म्हणून मोकळी झाली. म्हणून हल्ली मी सरावात मुलांना मोठ्याने "आउट" म्हणायला आणि वाद झाल्यास शांतपणे स्पर्धेच्या पंचांना बोलवायला शिकवते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हवा विरळ, म्हणून चेंडू आपल्यापेक्षा लांब जातो. पहिल्या दिवशी आमच्या चौघांचेही फटके बाहेर पडत होते. उपाय : चेंडूला अधिक फिरक द्यावी आणि रेषेच्या हातभर आत निशाणा धरावा.

शेवटी महत्त्वाचे

विमानात बसण्याआधीच तो पैसा खर्च झाला असे समजावे. मुलासमोर त्याचा आकडा काढू नये. जाण्याच्या आदल्या रात्री त्याला जवळ बसवून एवढेच सांगावे, "बरं वाटलं नाही तर हात वर कर आणि थांब. आम्ही रागावणार नाही." हे वाक्य त्याच्या वडिलांनी पुढच्या खेपेला सांगितले, मी शेजारीच होते. त्या वेळी तो पहिल्याच फेरीत हरला, पण तिसऱ्या सेटमध्ये पायात गोळा आला तेव्हा त्याने स्वतः हात वर करून उपचार मागितले. माझ्या मते ती त्याची आजवरची सर्वांत चांगली खेळी.

धोक्याच्या खुणांचा चौकोन कापून फ्रीजवर लावावा. आपले अनुभव व सूचना संपादकांकडे जरूर कळवाव्यात. मुलांना शुभेच्छा!