कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला, पण फोटो दिसत नाहीत?



गटाच्या कामात आता फोटो सारखे लागतात. प्रशिक्षणाच्या अहवालाला लागतात, गाईच्या विम्याला कानातल्या बिल्ल्यासकट लागतात. भीमथडी जत्रेत नाहीतर महालक्ष्मी सरसमध्ये माल न्यायचा असला, तर पापड-मसाल्याचे चांगले फोटो हाताशी असलेले बरे. म्हणून बऱ्याच ठिकाणी गटाचा किंवा ग्रामसंघाचा एक डिजिटल कॅमेरा असतो. आणि नेमकं घाईच्या दिवशी काय होतं? केबल लावली तरी कॉम्प्युटरवर काहीच येत नाही. मग कुणी म्हणतं कॅमेरा बिघडला, कुणी म्हणतं फोटो गेले. बावड्याहून इंदापूर किंवा अकलूज गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावर असतात. कॉम्प्युटरला दिसले नाहीत म्हणजे ते गेले असं नाही.

उसाला पाणी पोचलं नाही तर आपण लगेच मोटार खोलत नाही. लाईट आहे का, स्टार्टर पडलाय का, व्हॉल्व्ह बंद आहे का, पाईप कुठं निसटलाय का, असं एकेक बघत जातो. इथंही तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठं होता ते कळतं.

१. बॅटरी आणि बटण. कॅमेरा चालू आहे ना? बॅटरी उतरलेली असेल तर कॅमेरा मध्येच बंद पडतो. आधी चार्ज करा. काही कॅमेरे फोटो बघायच्या बटणावर, म्हणजे छोट्या त्रिकोणाच्या खुणेवर ठेवल्याशिवाय कॉम्प्युटरशी बोलत नाहीत.

२. केबल. सगळ्यात जास्त घोटाळा इथंच असतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत फक्त विजेच्या दोनच तारा घातलेल्या असतात. अशा केबलनं चार्जिंग होतं, पण फोटो जात नाहीत. म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेलीच केबल वापरा. ती नसेल तर फोटो नक्की जातात अशी दुसरी लावून पाहा.

३. कॉम्प्युटरचं भोक. केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा. मोठ्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूला लावलेली जास्त बरी. मधे हब असेल तर काढा. मग कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा.

४. फोटो कुठं शोधायचे. कधी कधी कॅमेरा जोडलेला असतो, फक्त खिडकी आपोआप उघडत नाही. ‘धिस पीसी’ किंवा ‘माय कॉम्प्युटर’ उघडा. तिथं कॅमेऱ्याचं नाव किंवा नवा ड्राइव्ह दिसला तर त्यात जा. इंग्रजीत डी-सी-आय-एम अशी चार अक्षरं असलेला फोल्डर असतो. फोटो त्यात असतात.

५. तरीही नाही जमलं? कॅमेरा बंद करा, कार्ड काढा आणि कार्ड रीडरमध्ये घाला. रीडर फार महाग नसतो. पण कार्डावरचा आकडा बघा. २ जीबीपेक्षा मोठं कार्ड फार जुना रीडर वाचत नाही. ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डाला त्याहून नवा रीडर लागतो. अशा वेळी कार्ड चांगलं असतं, रीडर जुना असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कधी कधी स्क्रीनवर विचारणा येते, ‘फॉरमॅट’ करायचं का? ‘हो’ म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. ‘कॅन्सल’ दाबा, कार्ड काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. जुने फोटो बऱ्याचदा सॉफ्टवेअरनं परत मिळतात, पण त्यांच्या जागेवर नवे बसले की संपलं.

यावर एक सोपा उपाय आहे. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो ‘लॉक’कडे सरकवला की फोटो बघता येतात, कॉपी करता येतात, पण सहसा पुसता येत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात कार्ड देताना खटका लावूनच द्या. तिथल्या कॉम्प्युटरमधला व्हायरसही मग सहसा कार्डात शिरत नाही. परत कॅमेऱ्यात घालताना खटका उघडा, नाहीतर फोटो निघणार नाहीत.

हे सगळं करूनही दुसऱ्या केबलनं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॅमेरा दिसत नसेल, पण कार्ड रीडरमध्ये फोटो दिसत असतील, तर दोष कॅमेऱ्याच्या केबलच्या जागेत असू शकतो. फोटो आधी उतरवून घ्या, मगच दुरुस्तीला न्या. दुकानदाराला काय काय करून पाहिलं ते सांगा. नेमकं सांगणाऱ्या बाईला उगाच जास्तीचं काम कुणी सांगत नाही.

पुढच्या बैठकीत करून पाहा:
- प्रत्येक गटातल्या दोघींनी कॅमेरा जोडून पाच फोटो कॉम्प्युटरवर घ्यावेत. ज्यांनी आजवर हात लावला नाही त्यांनी आधी.
- कॅमेऱ्याच्या केबलला रंगीत दोरा बांधा, म्हणजे ती चार्जरच्या केबलीत मिसळणार नाही.
- फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेन ड्राइव्हवर. दोन्हीकडे उघडून पाहिल्यावरच कार्ड रिकामं करा.

हिशोबाची वही आपण जशी जपतो, तसंच हे कार्ड जपायचं. गटानं वर्षभर केलेलं काम त्यात आहे.