पाठ : धंद्याचा हिशेब सगळ्यांना कळू दे

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन. बचतीचा हिशेब आपण बोटांवर सांगतो. पण गटाने धंदा सुरू केला, की चित्र बदलतं. "माल किती विकला?" विचारलं, तर सगळ्या सांगतात. "नफा किती झाला?" म्हटलं, की नजरा सचिवताईंकडे वळतात. "लिहायचं काम त्यांचं, आम्हाला काय कळतंय त्यातलं?" असं उत्तर येतं.

धंद्याला हात लावणाऱ्या प्रत्येकीला हा हिशेब कळायला हवा. भाजणारीला, पाकिटं भरणारीला, बाजारात विकणारीलाही. का ते एका उदाहरणातून बघू.

नफा खरा किती?

समजा, दहा जणींचा गट कांदा-लसूण मसाला करतो. महिन्यात १०० किलो मसाला ४०० रुपये किलोने विकला. विक्री झाली ४०,००० रुपये. खर्च असा :

- मिरची, धने, खोबरं, तेल वगैरे कच्चा माल : २४,०००
- कांडप : ३,०००
- पाकिटं आणि लेबल : १,२००
- गॅस : १,०००
- टेम्पोभाडं : ८००

एकूण ३०,०००. उरले १०,०००. "चला, एकेकीला हजार आले!" असं वाटतं ना? थांबा. तीन खर्च लिहायचेच राहिले.

पहिला, आपली मजुरी. महिन्यात सगळ्यांचे मिळून ३० दिवस काम झालं. २५० रुपये रोज धरला, तर ७,५०० होतात. शेजारच्या शेतात गेलो असतो, तर मजुरी घेतलीच असती. मग इथे फुकट का धरायची?

दुसरा, बँकेच्या कर्जाचं व्याज : ५०० रुपये.

तिसरा, घसारा. काटा आणि पाकिटं बंद करायचं यंत्र १२,००० ला घेतलं. ते चार वर्षं चालेल असं धरू. म्हणजे महिन्याला २५० रुपये बाजूला ठेवले, तरच पुढचं यंत्र कर्ज न काढता येईल.

हे झाले ८,२५०. खरा नफा उरला १,७५० रुपये. किलोमागे साडेसतरा रुपये.

नफा आहे, मग पेटी रिकामी का?

४०,००० च्या विक्रीत ९,००० ची उधारी आहे. हातात आले ३१,०००. त्यातून ३०,००० चा खर्च आणि ५०० व्याज दिलं. पेटीत राहिले ५०० रुपये. मजुरीचे ७,५०० द्यायचे अजून बाकीच आहेत.

नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळ्यांना माहीत नसेल, तर काय होतं? "एवढा माल विकला, पैसे गेले कुठं?" अशी कुजबुज सुरू होते, आणि बोट दाखवलं जातं हिशेब लिहिणाऱ्या ताईकडे. पैसे तर दुकानदारांकडे अडकलेले असतात. उधारीची यादी बैठकीत मोठ्याने वाचली, तर संशय राहत नाही आणि वसुलीलाही चार जणी पुढे येतात.

नफा कुणाच्या हातात आहे?

पाव किलोच्या पाकिटात पाच ग्रॅम जास्त पडलं, तर "जाऊ दे, थोडंच आहे" म्हणतो. १०० किलोची ४०० पाकिटं होतात. दोन किलो मसाला फुकट गेला, म्हणजे ८०० रुपये. जवळजवळ अर्धा नफा! कमी भरणं तर चुकीचंच, तो गुन्हाही आहे. म्हणून काटा नीट बघायचा.

बाजारात व्यापारी म्हणतो, "ताई, वीस रुपये कमी करा, सगळा माल घेतो." आपला नफा किलोमागे साडेसतरा आहे हे विकणारीला माहीत असेल, तर ती लगेच ओळखेल : ३८० ला दिलं, तर किलोमागे अडीच रुपये आपल्या मजुरीतून जाणार.

लिज्जत पापडाची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा पारेख यांनी हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. तिथे काम करणाऱ्या बहिणीच मालक आहेत. आपणही आपल्या धंद्याच्या मालकिणी आहोत. मालकिणीला हिशेब माहीत नको का?

लिहिता-वाचता येत नसेल तर?

चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. विक्रीचे ४० मांडा. कच्च्या मालाचे २४ उचला, बाकी खर्चाचे ६ उचला. मजुरी, व्याज, घसारा मिळून ८ उचला. उरतात जेमतेम दोन. आता पुन्हा ४० मांडा आणि उधारीचे ९ बाजूला सरकवा. जे हातात आलेच नाही, ते डोळ्यांना दिसतं.

बैठकीत एवढं कराच

१. महिन्यातून एकदा अर्धा तास फक्त धंद्याच्या हिशेबाला द्या. विक्री, खर्च, उधारी आणि देणं फळ्यावर लिहा.
२. रोकड वही, पेटी आणि बँकेचं पासबुक सगळ्यांसमोर ताडून बघा.
३. हिशेब वाचून दाखवायची पाळी दर महिन्याला बदला. सचिवताई शेजारी बसून मदत करतील.
४. घरचा खर्च धंद्याच्या पेटीतून करू नका. घेतलेच, तर त्याच दिवशी लिहा.

चर्चेसाठी प्रश्न

- आपल्या मालाच्या एका किलोमागे मजुरी धरून किती उरतात?
- आज आपली उधारी किती, आणि कुणाकडे?
- भाव किती रुपयांच्या खाली उतरवायचा नाही?

पुढच्या बैठकीत ही उत्तरं सचिवताई सोडून दुसऱ्या कुणीतरी द्यायची. सुरुवातीला अडखळाल, हरकत नाही. दोन-तीन महिन्यांत आकडे तोंडपाठ होतील.