दोन आधार एकदम सोडू नकोस

भाऊ, साठी ओलांडलीस तरी रात्रीची लाइट आली की बॅटरी न घेता मोटर चालू करायला मळ्यात जातोस, असं वहिनी सांगत होती. बांध पायाखालचा आहे, असं तुझं म्हणणं. बांध तोच आहे रे, पण पाय आता तेच राहिलेले नाहीत. इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून खुब्याचं हाड मोडलेली माणसं पाहिली, म्हणून कळकळीने सांगते.

चालताना आपला तोल तिघं मिळून सांभाळतात: डोळे, आतला कान आणि तळपाय. डोकं कुठे कललं ते सांगणाऱ्या कानातल्या बारीक पेशी वयाबरोबर कमी होतात, गेलेल्या परत येत नाहीत. तळपायाची जाणीव मंदावते, साखर असेल तर जास्तच. डोळ्यांना पूर्वीपेक्षा अधिक उजेड लागतो. तरी माणूस चालतो, कारण एकाचं उणं दुसरा भरून काढतो. म्हणून एका वेळी दोन आधार काढून घ्यायचे नाहीत. अंधार असेल तर वाट सपाट आणि कोरडी हवी. वाट निसरडी असेल तर लख्ख उजेड हवा. पावसात काळ्या रानातली माती चपलेला थापली की तळव्याला जमीन कळतच नाही. त्या दिवसांत अंधार पडल्यावर रानात पाऊल नको. प्रकाशा गावच्या घाटावर तापीच्या ओल्या पायऱ्या उतरतानाही हेच.

दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जायचं म्हणतोस, तर जरूर जा. डोंगर 1325 मीटरचा आहे, पण चढाची मला फार काळजी नाही. दम लागला की माणूस आपोआप थांबतो. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूंना अंगाचा भार रोखून धरावा लागतो, आणि थकलेली मांडी न सांगता सुटते. उतरताना जास्त वेळा बस. गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धर. बरीच माणसं दुखऱ्या बाजूलाच धरतात. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

चालताना मोबाइलवर बोलू नकोस. तरुणपणी चालणं आपोआप होतं, पुढे त्याला लक्ष द्यावं लागतं. स्वीडनमध्ये 58 वृद्धांशी चालता चालता गप्पा मारून पाहिल्या, तो अभ्यास 1997 साली छापून आला. बोलायला लागताच 12 जण चालायचे थांबले, आणि त्यांतले 10 जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. फोन आला तर उभा राहा, बोल, मग चाल.

धडगावकडे म्हाताऱ्या पावरा बायका डोक्यावर मोळी घेऊन उतार उतरतात. ज्यांना जमत नाही त्या घरात असतात, आपल्याला दिसत नाहीत, हे खरं. तरी रोज खडबडीत वाटेवर पडणारा पाय तोल विसरत नाही, हेही तितकंच खरं. तू मात्र निवृत्त झाल्यापासून मोटरसायकलवरून उतरत नाहीस. रोज ओट्याला हात टेकून एका पायावर उभा राहा, मग दुसऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता उठबस कर. तोलाचे असे व्यायाम नेमाने केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे पाव भागाने घटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. वहिनीलाही सोबत घे, पाळी गेल्यावर बायकांची हाडं लवकर ठिसूळ होतात.

सकाळी खाटेवरून ताडकन उठू नकोस. पाय खाली सोडून थोडं बस, विशेषतः बीपीची गोळी चालू असताना. उठल्यावर गरगरत असेल तर डॉक्टरांना सांग, गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. घरात घसरणाऱ्या सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल घे.

आणि शहाद्याला येशील तेव्हा डोळे तपासून घे. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. धूसर दिसायला लागलं की डॉक्टरांना विचारून ऑपरेशन करून टाक. मी सोबत येईन.