दुग्धशाळांचे सांडपाणी आणि गोदावरीचे खोरे

दुग्धशाळेच्या सांडपाण्यात विषारी द्रव्ये फारशी नसतात; असते ते मुख्यतः दूधच. त्यामुळेच त्याच्या उपद्रवाकडे दुर्लक्ष होते. कॅन, टँकर व यंत्रे धुताना वाया जाणारे दूध गटारात जाते. तेथे दुग्धशर्करेचे आम्ल बनते, केसीन साकळते आणि काळा, दुर्गंधीयुक्त गाळ साचतो. हे अन्न पचविताना सूक्ष्मजंतू पाण्यातील प्राणवायू संपवितात व मासे गुदमरतात.

एक लिटर दूध पूर्णपणे कुजण्यास सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू लागतो. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्यास सुमारे ४५ ते ५० ग्रॅम पुरतो. म्हणजे रोज एक लाख लिटर दूध हाताळणाऱ्या दुग्धशाळेत शेकडा एक टक्का दूध जरी वाया गेले, तरी दोन हजार वस्तीच्या गावाइतका भार नाल्यावर पडतो. पनीर केल्यावर उरणारी निवळी तर गटारात सोडूच नये. ती जनावरांना पाजता येते, तिची भुकटीही करता येते.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. त्र्यंबकेश्वरनजीक उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी अडते. कादवेचे पाणीही तेथेच येते. साठलेल्या पाण्यातील सेंद्रिय भार लवकर वाहून जात नाही. पाणपक्ष्यांच्या या आश्रयस्थानास रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. असा मान मिळविणारे ते राज्यातील पहिले स्थळ होय.

जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वीच केला होता. पर्यावरण संरक्षण नियमांतील मानकानुसार दुग्धशाळेने दर हजार लिटर दुधामागे तीन हजार लिटरांहून अधिक सांडपाणी सोडू नये. बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. ते पिण्याच्या पाण्याच्या उद्भवात मिसळत असेल, तर ही मर्यादा ३० पर्यंत कडक करता येते.

शुद्धीकरणात प्रथम तेल व स्निग्धांश वेगळे काढतात. नंतर पाणी समतोल टाकीत साठवितात. ही टाकी टाळण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो महागात पडतो. धुलाईत कधी क्षार, तर कधी आम्ल वापरले जाते. ते लाटेसारखे पुढे गेले, तर पुढील टाक्यांतील जंतू मरतात व सारी यंत्रणा काही दिवस निकामी होते. त्यानंतर हवाविरहित व हवायुक्त प्रक्रिया होतात. पहिलीतून मिळणारा ज्वलनशील वायू इंधन म्हणून उपयोगी पडतो. उरलेला गाळ वाळवून खतासाठी वापरता येतो. मात्र टँकर धुण्यापूर्वी तळाचे दूध निथळून घेतले, तर या टाक्यांवरील बराचसा बोजा आरंभीच कमी होतो.